पंधराशे रुपयांचा टेस्ट रिपोर्ट



आज केळी नाही, पानवेल नाही, खतही नाही. आज मोटारीच्या वायरिंगबद्दल लिहितोय. गेल्या रविवारी शेजारच्या वाडीतला एक तरुण शेतकरी येऊन विचारत होता, "काका, तीन एचपीची पाच एचपी करायचीय. टेस्ट रिपोर्ट कुठून घेतला होता तुम्ही? दुकानदार पंधराशे सांगतोय." त्याला ओट्यावर बसवून जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. जरा लांब होईल.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाघोली-निर्मळच्या बाजूला. जमीन रेताड, विहिरी उथळ. आजोबांच्या काळात विहिरीवर राहाट होता, बाबांनी ऑइल इंजिन आणलं, मग वीज आली. राहाटाला रेडा जुंपायचे. तो फार तर लाथ मारायचा. विजेचं तसं नाही, ती दिसत नाही आणि सांगूनही येत नाही.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं ते आपल्या पट्ट्यात कोणी विसरणार नाही. घड लागलेली केळी एका दिवसात आडवी झाली. आमच्या दोन माडांपैकी एक सर्व्हिस वायरवर पडला आणि मोटारीच्या खोलीचं छप्पर घेऊन गेला. लाइनमन लोक पावसात झाडं तोडत गावोगाव फिरत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खांबापर्यंत वीज आली, पण मीटरच्या पुढचं सगळं आमचं आम्हालाच उभं करायचं होतं. जुनी तीन एचपीची मोटार पाण्यात बसून गेली होती. म्हटलं आता घ्यायचीच आहे तर पाचची घेऊ, भाऊबंदांच्या तुकड्यालाही पाणी देता येईल. म्हणजे भार वाढवून घ्यायचा. अर्ज आला, सातबारा आला, हिस्सेदारांची संमती आली, आणि टेस्ट रिपोर्ट आला.

वायरिंग ज्याने केलं तो मुलगा हुशार होता, फ्रिज, पंखे, मोटारी सगळं करायचा. पण परवाना नव्हता. रिपोर्टवर तर परवानाधारक ठेकेदाराची सही-शिक्का लागतो. मी ज्या दुकानातून वायर घेतली तिथं विचारलं. दुकानदार म्हणाला, "काका, कागदच लागतो ना? काम तर तुमचं झालंय. पंधराशे द्या, संध्याकाळी न्या." संध्याकाळी गेलो, कागद तयार. कोणी वाडीत आलं नाही, कोणी मोटार पाहिली नाही. मी तो कागद वाचलासुद्धा नाही. फाइलला लावला, भार वाढून मिळाला, दोन वर्षं पाणी चाललं. आपण दहावी पास माणूस, मातीचा रिपोर्ट आला की सामू किती, सेंद्रिय कर्ब किती ते चष्मा लावून वाचतो. हा रिपोर्ट मात्र नुसता घडी घालून ठेवला.

जुलै २०२३ मध्ये, पाऊस दोन दिवस उघडला म्हणून रोपांना पाणी सोडलं होतं. आमच्याकडे पूर्वेच्या पाड्यावरून एक बाई कामाला येते, दहा-बारा वर्षं झाली. मोटार चालू होती आणि ती दुसऱ्या पाटाला पाणी फिरवायला डिलिव्हरी पाइपचा कॉक फिरवायला गेली. अनवाणी, ओल्या हाताने. मी पलीकडे पानवेलीच्या ओळीत होतो. ओरडणं ऐकू आलं नाही, कारण ती ओरडलीच नाही. माझ्या बायकोने पाहिलं की हात कॉकला चिकटलाय आणि अंग थरथरतंय. तिने तिला हात लावला नाही, तेवढं देवाने तिला सुचवलं. धावत जाऊन मेन पाडला. बाई मागे पाटात पडली.

जगली. रुग्णालयात एक रात्र ठेवलं, हृदयाचा आलेख काढला, दोन बोटं भाजली होती. दीड महिना तिची मजुरी आणि औषधपाणी मी दिलं, त्यात उपकार नाहीत. त्यातल्या एका बोटाला अजून नीट स्पर्श कळत नाही, भाताचा आवा लावताना ती दुसऱ्या हाताने लावते. कामावर परत आली त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "दादा, मोटारीला आता कोण हात लावनार?" मी म्हटलं, "मी."

त्या रात्री बायको म्हणाली, तो कागद काढा. काढला. त्यावर लिहिलं होतं: अर्थिंग दोन ठिकाणी, रेझिस्टन्स २.१ ओहम. इन्सुलेशन ५० मेगाओहम. खाली शिक्का, परवाना क्रमांक, सही. आमच्या वाडीत अर्थिंग एकच होती. तीही म्हणजे रेतीत हातभर ठोकलेली एक लोखंडी सळई आणि तिला गुंडाळलेली तार. ती तार कोणाच्या तरी कोयत्याने कधीतरी तुटलेली.

शिक्क्यावर फोन नंबर होता. लावला. पलीकडे वयस्क माणूस, आवाज साधा. मी तक्रारीच्या सुरात सुरू केलं, पण तो मध्येच म्हणाला, "काका, माझ्या नावाने महिन्याला किती रिपोर्ट निघतात ते मलाच माहीत नाही. शिक्का दुकानात ठेवलाय, महिन्याचे पैसे येतात." मग थोडा वेळ दोघंही गप्प. राग यायला हवा होता, पण त्याने शिक्का विकला तसा मी विकत घेतला होता. पंधराशे मीच मोजून दिले होते आणि घासाघीस करून शंभर कमीही करून घेतले होते.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. विजेमुळे माणसाला इजा झाली तर ती विद्युत निरीक्षकाला कळवायची असते. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये तसं आहे, आणि चौकशीही तेच करतात. मी कळवलं नाही. भीती वाटली. तक्रारीचा कागद लिहिला होता, तो त्याच फाइलमध्ये आहे.

आता कामाचं बोलतो.

मीटर आणि त्याच्या जवळचा कटआउट इथपर्यंत महावितरणची जबाबदारी. तिथून पुढची वायर, स्विच, स्टार्टर, मोटार, अर्थिंग सगळं आपलं. आपल्यातले बरेच जण समजतात की मीटर लावायला माणूस आला म्हणजे त्याने आपली मोटार तपासली. तसं नाही. आपल्या बाजूचं काम नीट आहे हे सांगण्यासाठीच तो टेस्ट रिपोर्ट असतो. हा काही कालचा नियम नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ वा नियम होता. त्यात म्हटलं होतं की वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, ते सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायचं, आणि हात लावणाऱ्याकडे परमिट पाहिजे. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने आले, पण हा मुद्दा तसाच राहिला. किरकोळ दुरुस्ती, म्हणजे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यातून सुटतं. नवी वायर ओढणं, वाढवणं, बदलणं सुटत नाही.

म्हणजे माणसं तीन प्रकारची, आणि आपण तिघांनाही 'वायरमन' म्हणतो तिथंच घोळ होतो. पहिला खरा वायरमन, ज्याच्याकडे तारतंत्री परवाना. बहुतेक जण आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा कोर्स करून या वाटेने येतात. दुसरा पर्यवेक्षक, बरेचदा डिप्लोमावाला, त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र. तिसरा ठेकेदार, ज्याच्या नावे लायसन्स, आणि त्याच्याकडे पर्यवेक्षक, वायरमन आणि मोजायची यंत्रं असावी लागतात. मेगर, अर्थ टेस्टर वगैरे. ही सगळी लायसन्स राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं, त्याचं काम मुंबईत चेंबूरला मुख्य विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाच्या बाजूने चालतं. लायसन्सला मुदत असते, नूतनीकरण करावं लागतं. म्हणून ठेकेदाराकडे लायसन्सची प्रत मागा आणि त्यावरची तारीख बघा. मागितल्यावर जो रागावला त्याला चहा पाजून परत पाठवा. मी दुसऱ्या वेळी तिघांना विचारलं. एकाने मोबाइलवर फोटो दाखवला, मुदत संपलेली. दुसरा म्हणाला "माझ्या मेव्हण्याचं आहे". तिसऱ्याने प्रत दिली आणि वर म्हणाला, आधी मी वाडी बघेन, मग पैशाचं बोलू. त्यालाच काम दिलं.

तो आला ऑगस्टमध्ये. मेगर मोटारीला लावला तेव्हा काटा जवळजवळ शून्यावर. पाचशे व्होल्टला निदान एक मेगाओहम तरी यायला पाहिजे, तेवढंही नाही. पेटीत दमट हवा, कनेक्शनच्या जागी हिरवट बुरशी धरलेली, एक वाइंडिंग अंगाला लागलेलं. मग त्याने त्या सळईचा अर्थ मोजला. १४० ओहम. भर पावसाळ्यात.

तिथं त्याने मला वहीत गणित करून दाखवलं, ते मी तुम्हाला करून दाखवतो, कारण मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मोटारीच्या अंगावर २३० व्होल्ट उतरले. अर्थिंग १४० ओहमची. भागाकार केला तर जमिनीत जाणारा करंट दीड-पावणेदोन अँपिअर. आमच्या किटकॅटमध्ये तार वीस अँपिअरची. वीसची तार पावणेदोनला कशाला तुटेल? ती मजेत बसते आणि मोटारीचं अंग, पाइप, कॉक सगळं जिवंत राहतं. माणसाला मारायला तर तीस-चाळीस मिलिअँपिअरपासून पुढे धोका सुरू होतो, म्हणजे एका अँपिअरचा तिसावा हिस्सासुद्धा पुरे. म्हणजे फ्यूज मोटारीची वायर वाचवतो, बाईला नाही. मला वाटायचं फ्यूज आहे म्हणजे झालं.

आपल्या रेताड जमिनीचं आणखी एक आहे. पावसात ओली असते तेव्हा अर्थिंग छान येते, मे महिन्यात वरची तीन-चार फूट रेती कोरडी खडखडीत होते आणि आकडा वर चढतो. म्हणून अर्थिंग मोजायची तर मेमध्ये, पाणी न घालता. जुलैत मोजून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. मातीचा नमुना शेणखत टाकल्यावर लगेच घेतला तर जसा रिपोर्ट येईल तसंच हे, कृषी खात्यातल्या मंडळींना समजेल.

त्याने सांगितलं, चाळीस मिलिमीटरचे जीआय पाइप, अडीच मीटर लांब, दोन ठिकाणी. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायची जुनी पद्धत. मिठाचं नाव काढल्यावर मी अडलो. आमच्या पट्ट्यात विहिरींना खारं पाणी लागायची भीती कायमची, गोड्या पाण्यासाठी या वसईने केवढी आंदोलनं केली, आणि मी माझ्या हाताने विहिरीशेजारी मिठाचं पोतं पुरू? ठेकेदार हसला नाही, ऐकून घेतलं. मग मीठ रद्द केलं, त्याऐवजी बेन्टोनाइट माती भरली, आणि खड्डे विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला घेतले. मला विचाराल तर आपल्या वाड्यांत हेच करावं. दोन झाकणं दिसतात ती त्याचीच. त्यांत पाणी ओतायला तोंड ठेवलंय.

खर्च वहीतून जसाच्या तसा देतो, ऑगस्ट २०२३ चा, पाच एचपीसाठी, मीटरपासून विहीर पंचेचाळीस मीटर. चार तारांची तांब्याची आर्मर्ड केबल, अडीच चौरस मिलिमीटर, ११,४०० रुपये. अॅल्युमिनियमची अर्ध्याहून कमीत आली असती, पण खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमचे जोड लवकर खराब होतात असं तो म्हणाला आणि मला पटलं. दोन अर्थिंग खड्ड्यांसकट ७,६००. ओव्हरलोड रिले आणि फेज गेला तर बंद पडणारं साधन असलेला स्टार्टर ४,६००. चार पोलचा आरसीसीबी, तीस मिलिअँपिअरचा, ३,२००. एमसीबी १,४००. दोन केव्हीएआरचा कपॅसिटर ७००. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी ५,०००. ठेकेदाराचं येणं, तपासणी आणि रिपोर्ट २,५००. एकूण ३६,४००. मोटारीचं वाइंडिंग वेगळं. आज यातल्या तांब्याचा भाव वर गेलाय, त्यामुळे हे दर म्हणून धरू नका, कुठल्या गोष्टीला किती वाटा जातो ते बघा. खरा रिपोर्ट अडीच हजारांचा आणि खोटा पंधराशेचा. मी अकराशे रुपये वाचवले होते. त्यात शंभर घासाघिशीचे.

महावितरणला भरायचं ते वेगळं: अर्जाचं शुल्क, जोडणीचा आकार, सुरक्षा ठेव. हे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि कोटेशनवर एकेक ओळ छापून येते. कोटेशन ऑनलाइन भरा, पावती जपा. कोणी "वरचे" म्हणून मागितले तर ती ओळ कोटेशनमध्ये दाखव म्हणायचं.

माझ्या साडूची गोष्ट वेगळी आहे, ती पूर्व पट्टीच्या लोकांसाठी लिहितो. त्याची जमीन भाताणे-पारोळच्या अंगाला, खांब लांब. खांब, तारा, कदाचित डीपी, एवढं काम. कोटेशन भरून वाट बघत बसणाऱ्याला आपल्याकडे 'पेड पेंडिंग' म्हणतात, हा शब्द मराठवाड्यात तर लहान पोरांनाही ठाऊक आहे. दुसरा रस्ता असा की ते काम आपण आपल्या खर्चाने परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचं, महावितरणने इस्टिमेट मंजूर करून देखरेख करायची, आणि त्यांना ठरलेल्या खर्चाच्या १.३ टक्के देखरेख आकार द्यायचा. समजा इस्टिमेट दोन लाखांचं, तर हा आकार २,६००. काही योजनांत खर्च बिलातून परत मिळतो, काहींत लाइन फक्त आपल्यासाठी म्हणून मिळत नाही. कुठली योजना लागू आहे ते सही करण्याआधी लेखी घ्या. तोंडी "मिळतील परत" याला काही किंमत नाही. साडूने शेवटी सौर पंप घेतला. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो, अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. त्याच्याकडे उघडं माळरान आहे, जमलं. आमच्या वाडीत माड, आंबे, केळी, पानवेलीचा मांडव, सगळी सावली. पॅनल लावायचे तर झाडं तोडा. ते आम्हाला परवडणार नाही.

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, चांगलं झालं. पण एक बारीक गोष्ट घडलीय. पूर्वी बिल जास्त आलं की आपण मोटार बघायचो, कुठं गळती आहे का, मोटार गरम होते का. आता बिल शून्य, तर कोणी बघत नाही. शिवाय शेतीच्या मीटरवरून टँकरला पाणी विकणारे आपल्याकडे कमी नाहीत. शहर वाढतंय, पाण्याला गिऱ्हाईक आहे, मला कळतं. पण तो वापर शेतीचा नाही, कलम १२६ त्यावर लागतं, आणि अशा ठिकाणी मोटार दिवसरात्र चालते, केबल रस्त्यावरून लोळत जाते, लोकांच्या पायाखालून. ते मला जास्त खुपतं.

आता आरसीसीबीबद्दल खरं सांगतो, कारण पुष्कळ जणांनी तो लावून काढून टाकलाय. बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात रोज सकाळी तो पडायचा. दव पडलेलं असायचं, मोटार सुरू केली की टक्. दुपारी चालायचा. चौथ्या दिवशी माझा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला होता, सरळ वायर जोडून टाकू म्हणून. भाजीला पाणी नाही, वांगी माना टाकतायत, आणि हा डबा रोज नखरे करतोय. बायकोने विचारलं, "ठेकेदाराला फोन केलात का?" केला नव्हता. केला. तो आला, मोटारीच्या कनेक्शन पेटीचं पॅकिंग गेलेलं होतं, आत दव शिरत होतं. दहा-वीस रुपयांचं रबर. ते बदललं, पेटी सुकवली, त्यानंतर पडणं थांबलं. म्हणजे तो नखरे करत नव्हता, खरं सांगत होता. जुन्या मोटारीवर लावला की सुरुवातीला पडतोच. आधी मोटार बघा. त्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते मी महिन्यातून एकदा दाबतो, वहीत टिक करतो. औषध फवारणीची तारीख लिहितो त्याच वहीत.

ऑटो स्विचही त्याने काढायला लावला. वीज आली की मोटार आपोआप सुरू, सोयीचं वाटतं. पण सगळ्यांच्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की डीपीवर ताण येतो, आणि कोणी विहिरीत उतरलेलं असेल, फूटव्हॉल्व्ह साफ करत असेल तर त्याला काय कळणार? कपॅसिटर मात्र लावाच. तीन एचपीला एक, पाचला दोन, साडेसातला तीन केव्हीएआर.

आणि डीपीवर कोणी चढू नका. फ्यूज गेला, रात्र आहे, पीक जळतंय, सगळं मान्य. १९१२ ला फोन करा, जनमित्राला बोलवा. आपल्या गावात काठीला आकडा बांधून फ्यूज बसवणारे दोन-तीन 'एक्स्पर्ट' आहेत, त्यांना वाचता येत असेल तर त्यांनीही हे वाचावं. मला त्यांच्या तेराव्याला जेवायला जायचं नाही.

पूर ओसरल्यावरचं एक राहिलं. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं होतं तेव्हा वीज बंद ठेवली होती आणि लोक चिडले होते, मीही चिडलो होतो. आता समजतं. मोटार पाण्याखाली गेली असेल तर पाणी उतरल्यावर लगेच बटण दाबायचं नाही. सुकवायची, मेगर लावायचा, आकडा आला तरच सुरू. मेगर लावायला ठेकेदाराच्या माणसाने मागच्या वर्षी आमच्या आळीत चारशे रुपये घेतले. आम्ही पाच घरांनी एकाच दिवशी बोलावलं म्हणून तेवढ्यात झालं, एकट्याला जास्त पडले असते.

तो हुशार मुलगा, ज्याने पहिलं वायरिंग केलं होतं, त्याच्यावर मी काही दिवस चिडून होतो. नंतर वाटलं, त्याला अर्थिंगचे पैसे मी दिले कुठं होते? मीच म्हणालो होतो, सळई ठोक, पुढच्या वर्षी बघू. त्याला घेऊन गेलो नव्या ठेकेदाराकडे. आता त्याच्या हाताखाली काम करतोय, आयटीआयला नाव घातलंय. पहिल्या वर्षी गणिताचं पुस्तक घेऊन माझ्या मुलीकडे यायचा.

त्या रविवारच्या तरुणाला मी फाइल दाखवली. दोन रिपोर्ट एकापुढे एक ठेवले. जुन्यावर २.१ ओहम, मोजलेला नाही. नव्यावर ऑगस्टचा आकडा २.६, मोजलेला. खाली माझ्या हाताने लिहिलेलं, मे २०२४, ४.८. मे २०२५, ५.२. ४.८ ला २३० भागले तर अठ्ठेचाळीस अँपिअर येतात, डीपीकडची अर्थिंग धरली तर त्याहून कमी, पण त्याआधीच तीस मिलिअँपिअरला डबा पडून जातो. ५.२ आला म्हणून यंदा खड्ड्यांत रोज दोन बादल्या पाणी घालतोय, पाऊस येईपर्यंत. त्याने विचारलं, जुना कागद फाडत का नाही? म्हटलं राहू दे.

त्याला ठेकेदाराचा नंबर दिलाय. बुधवारी तो त्याची वाडी बघायला येणार आहे. ज्यांना त्याच दिवशी अर्थिंग मोजून घ्यायची आहे त्यांनी मला मंगळवार संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे फेरी वाटून घेता येईल. खड्ड्यात आधी पाणी ओतू नका.